भटक्या आजीचं कपाट आणि एप्सन व्ही ६००

हिंडण्याफिरण्यात आयुष्य घालवलेली आई किंवा आजी नव्वदीच्या घरात पोचून गेली, की तिच्या कपाटातून एका मापाचं असं काहीच निघत नाही. कोपरे कापलेले रद्द पासपोर्ट, निळी एरोग्रामं (घडी घालून पाकीट होणारी हवाई पत्रं), चित्रांची पोस्टकार्डं, बोटीची आणि विमानाची तिकिटं, हॉटेलांच्या कागदावर खरडलेले हिशेब, डबे भरून स्लाइड्स, पाकिटं भरून निगेटिव्ह, आणि सहा-सात निरनिराळ्या आकारांचे फोटो. मुलानातवंडांना हे सगळं नीट लावून ठेवायचं असतं. कोणीतरी म्हणतं, एक स्कॅनर घेऊन टाकू. मग ज्या यंत्राचं नाव हमखास पुढे येतं ते म्हणजे एप्सन परफेक्शन व्ही ६००. हे परीक्षण त्याचंच, पण फक्त या एका कामापुरतं.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. हे यंत्र फिल्म स्कॅनर म्हणून ओळखलं जातं आणि बहुतेक परीक्षणांत स्लाइड किती बारकाईने उतरते यावरच त्याला गुण मिळतात. ३५ मिलिमीटरच्या स्लाइडला ते बेताचंच आहे. तरीही या कामाला ते घ्यावं, कारण त्याच्या काचेवर पासपोर्टपासून पोस्टकार्डापर्यंत काहीही ठेवता येतं आणि ते नीट उतरतं. फिरस्तीच्या आयुष्यात फोटोंइतकेच, कधी कधी फोटोंपेक्षाही जास्त, कागद बोलतात. फोटोत आजी पुलावर उभी दिसते. ती तिथे कधी गेली, कुठून आली आणि पुढे कुठे गेली हे शिक्के सांगतात.

काच आणि सेन्सर

व्ही ६०० बाजारात आला २००९ मध्ये. काचेचं माप २१६ बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे ए-फोरला पुरेल एवढं. वजन चार किलोच्या आसपास. एलईडी दिवा असल्यामुळे तापण्याची वाट पाहावी लागत नाही. हे सगळं ठीक, पण पैसे ज्याचे द्यायचे तो भाग म्हणजे सीसीडी सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग.

पातळ आणि स्वस्त फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये सीआयएस नावाचा सेन्सर असतो. तो काचेच्या अगदी खाली बसलेला असतो आणि काचेला चिकटलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. पान दोन-तीन मिलिमीटर उचललं गेलं की अक्षरं धूसर आणि कडा काळपट. सीसीडीच्या यंत्रात आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे थोडं वर असलेलंही फोकसमध्ये राहतं. जुना पासपोर्ट शिवलेला असतो, मधल्या घडीत पान कधीच सपाट बसत नाही, आणि अधिकाऱ्यांना नेमकी त्या घडीतच शिक्का मारायची हौस. उठावाच्या मोहरा, कात्रेदार कडांचे वळलेले फोटो, तिकिटावरची पिन, सगळ्यांचं तेच. दुकानात दोन यंत्रं शेजारी दिसली आणि एक निम्म्या जाडीचं असलं तर ते याच कारणाने; या कामाला ते घेऊ नका.

पासपोर्टपासून सुरुवात करा

बहुतेक घरांत फोटोंपासून सुरुवात होते आणि तिथेच काम अडतं, कारण फोटोंना क्रम नसतो. पासपोर्ट आधी उतरवले तर तारखांचा सांगाडा हाती येतो आणि बाकीचं सगळं त्यावर टांगता येतं.

उघडा पासपोर्ट म्हणजे साधारण १२५ बाय १७६ मिलिमीटर. एका स्कॅनमध्ये दोन पानं बसतात. रंगीत, ६०० डीपीआय (एका इंचात टिपलेले ठिपके), २४ बिट (रंगांची बारकाई). शिक्के निळे-जांभळे आणि फिकट असतात, त्यामुळे काळ्या-पांढऱ्यात अजिबात नको. पान पातळ असेल तर मागचे शिक्के पुढे उमटतात. पानाच्या मागे काळा कागद सरकवा, ते बरेचसे नाहीसे होतात. पांढरा कागद ठेवला तर उलट जास्त दिसतात. झाकण दाबू नका, जुनी शिवण सुटते. झाकणावर एखादं हलकं पुस्तक ठेवणं एवढं पुरे. प्लॅस्टिकचा थर असलेल्या फोटोच्या पानावर चमक आली तर पासपोर्ट काचेवर ९० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा, चमकेची जागा बदलते.

कोरी पानंही घ्या. नुसत्या डोळ्यांना कोरं वाटणारं पान कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर कोरं नसतं, असं पुष्कळदा होतं. फेरफारांची पानं, परकीय चलन दिल्याच्या नोंदी, मुदतवाढीचे शिक्के सुटता कामा नयेत. अनेक देशांत पूर्वी लहान मुलांची नावं आईच्याच पासपोर्टात घातली जायची. मुलं बरोबर कधी होती आणि कधी नव्हती, हे कुठल्याही फोटोपेक्षा तिथे चोख कळतं.

शिक्के पानांच्या क्रमाने लागलेले नसतात, अधिकाऱ्याने जे पान उघडलं त्यावर मारलेले असतात. म्हणून एक तक्ता करा: तारीख, ठिकाण, आत की बाहेर, पासपोर्ट कितवा, पान कितवं. मग तारखेनुसार लावा. तारीख वाचताना ०४/०७ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल हे देशावर ठरतं. शेजारचा बाहेर पडल्याचा शिक्का पाहिला की शंका मिटते. काही युरोपीय पोस्टांच्या जुन्या शिक्क्यांत महिना रोमन आकड्यांत असतो, तिथे हा घोळ होत नाही.

युरोपात एक मोठी पोकळी दिसेल. २६ मार्च १९९५ ला पहिल्या सात देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी उठवली आणि नंतर बाकीचे देश त्यात येत गेले. त्यानंतरच्या प्रवासात पहिल्या विमानतळाचा आणि शेवटच्या विमानतळाचा एवढे दोनच शिक्के सापडतात. मधले तीन-चार देश तिकिटांवरून, पोस्टकार्डांवरून आणि संग्रहालयांच्या पावत्यांवरून भरून काढावे लागतात. त्या पावत्या कचरा म्हणून आधीच टाकून दिल्या असतील तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही, म्हणून कपाट आवरताना शेवटी टाका.

देशांची आणि गावांची नावं शिक्क्यावर होती तशीच लिहा, शेजारी आजचं नाव द्या. लेनिनग्राडचा (आजचं सेंट पीटर्सबर्ग) पोस्टाचा शिक्का म्हणजे १९९१ च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. चेकोस्लोव्हाकियाचा म्हणजे १ जानेवारी १९९३ च्या आधीचा. सिलोन लिहिलेला पासपोर्टचा शिक्का १९७२ च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. नाव बदलून टाकलं की ही खूण हातची जाते.

एक सरकारी बाजू आहे. व्यक्ती गेल्यावर चालू पासपोर्ट परत करावा किंवा रद्द करून घ्यावा असा नियम बऱ्याच देशांत असतो. देण्याआधी सगळी पानं स्कॅन करा आणि रद्द करून परत मिळेल का हे विचारा; अनेक ठिकाणी कोपरा कापून किंवा भोक पाडून परत देतात. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पानं टाकताना पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख, सही आणि खालच्या दोन यंत्रवाचनाच्या ओळी झाका. गेलेल्या माणसाच्या नावावरही फसवणूक होते.

पत्रं आणि पोस्टकार्डं

एरोग्राम उघडलं की आतली तिन्ही घडींची बाजू एका स्कॅनमध्ये बसते. बाहेरची बाजू विसरू नका, कारण तारखेचा पोस्टाचा शिक्का आणि परतीचा पत्ता तिथे असतो, आणि जागा संपल्यावर चिकटवायच्या पट्टीवर उभ्या ओळींत लिहिलेला शेवटचा मजकूरही. इथेही मागे काळा कागद. शाई तपकिरी पडलेली असेल तर स्कॅनची निळी वाहिनी (चित्रातला फक्त निळ्या रंगाचा भाग) फोटो संपादकात वेगळी काढून पाहा, अक्षरं गडद होतात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हे प्रयोग प्रतीवर.

पोस्टकार्डाच्या चित्राच्या बाजूवर जाळीसारखे पट्टे येतात. हा यंत्राचा दोष नाही. छपाईतले ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांवर आले की तसं होतं. एप्सनच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क्रीनिंगचा पर्याय आहे, तो छापील चित्रांसाठी लावा. खऱ्या फोटोवर तो लावला तर बारीक तपशील उगीच पुसट होतो, म्हणून काम बदललं की काढायला विसरू नका. भिंगाने पाहिल्यावर ठिपके दिसले तर छापील, नाहीतर फोटो.

फोटो

१० बाय १५ सेंटिमीटरच्या फोटोला ६०० डीपीआय भरपूर होतात. २४ बिटच्या टिफ (काही न गाळता साठवणाऱ्या) फाइलचं वजन सुमारे २५ एमबी भरतं, ४८ बिटला दुप्पट. १२०० लावून काही हाती लागत नाही, कागदावरच्या फोटोत तेवढा तपशील मुळात नसतो. अपवाद जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांच्या लहान काँटॅक्ट प्रिंटचा: त्या निगेटिव्हच्याच मापाच्या, बऱ्याचदा ६ बाय ६ सेंटिमीटरच्या असतात आणि मोठ्या करून पाहायच्या तर १२०० घ्या.

काचेवर ९ बाय १३ चे चार फोटो मावतात, १० बाय १५ चे तीन (दोन उभे, एक आडवा). मध्ये बोटभर जागा सोडा, नाहीतर सॉफ्टवेअर दोन फोटोंचा एक करतं. अगदी कडेला खेटून ठेवू नका, कडेची पट्टी कापली जाते.

मागची बाजू हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुढची बाजू झाली की फोटो त्याच जागी उलटा आणि लगेच मागची घ्या. जागा बदलली की कोणती पाठ कोणाची हे नंतर शोधत बसावं लागतं. फाइलचं नाव तेच ठेवून शेवटी ‘पुढे’ आणि ‘मागे’ लावा. पेन्सिलीचं फिकं अक्षर ग्रेस्केलमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून वाचता येतं.

तारखांबाबत सावध राहा. पांढऱ्या कडेवर छापलेला महिना-वर्ष किंवा स्लाइडच्या पुठ्ठ्यावरचा छाप हा फोटो काढल्याचा नसतो, धुतल्याचा असतो. लांबच्या प्रवासावरून आल्यावर रोल धुवायला टाकला, किंवा अर्धा रोल कॅमेऱ्यात तसाच राहून पुढच्या सहलीत संपला, तर त्यात महिन्यांचा फरक पडतो. पासपोर्टच्या तक्त्याशी ताडून पाहा: छाप सप्टेंबरचा आणि शिक्के जून-जुलैचे असतील तर जून-जुलै धरा.

चित्रातल्या खुणाही उपयोगी. लूव्रच्या अंगणात काचेचा पिरॅमिड दिसला तर फोटो १९८९ च्या आसपासचा किंवा नंतरचा. सिडनीचं ऑपेरा हाउस पुरं झालेलं असेल तर १९७३ च्या सुमारानंतरचा. पिसाच्या मनोऱ्यावर माणसं चढलेली दिसली तर १९९० ते २००१ ही मधली वर्षं बाद, तेव्हा तो बंद होता. मोस्तारचा पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये पडला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यावर उभ्या आजीचं वय चेहऱ्यावरून लगेच ठरवता येतं. चौकोनी लहान निगेटिव्ह १२६ काडतुसाची (कॅमेऱ्यात तशीच बसवायची फिल्मची डबी) असेल तर १९६३ च्या आधीची असू शकत नाही, आणि बारीकशी ११० ची असेल तर १९७२ च्या आधीची नाही.

चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम त्रास देतात. पापुद्रा उचलून, फोटोखालून दात साफ करायचा दोरा करवतीसारखा सरकवला तर बरेच फोटो निघतात. न निघणारा ओढू नका, हेअर ड्रायरही लावू नका. पान सुटं होत असेल तर अख्खं पान काचेवर ठेवा. जाडजूड बांधणीचा अल्बम मात्र काचेवर उपडा घालू नका. त्याला वरून फोटो काढणारा कॅमेरा, स्टँड आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतला उजेड हेच बरं.

रेशमी किंवा मधाच्या पोळ्यासारख्या पोताच्या कागदावरचे फोटो स्कॅनमध्ये चमचमतात. फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करायचा, मग संपादकात दोन्ही एकमेकांवर बसवून सरासरी काढायची. कटकट आहे, पण लग्नाच्या किंवा पहिल्या प्रवासाच्या एखाद्या फोटोसाठी करण्यासारखी.

स्लाइड्स आणि निगेटिव्ह: इथे यंत्र थकतं

खोक्यावर ६४०० डीपीआय छापलेलं आहे. प्रत्यक्षात मोजलं तर या यंत्राची खरी ताकद दीड हजारांच्या आसपास भरते. ३५ मिलिमीटरच्या चौकटीचं माप ३६ बाय २४. दीड हजाराने त्यातून सुमारे तीन मेगापिक्सेलचा खरा तपशील निघतो. फोटोबुकात पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून जरा मोठा छापायला तेवढं चालतं, भिंतीवर मोठा लावायला नाही. ६४०० लावलं तर एका चौकटीची २४ बिटची फाइल १६५ एमबीच्या आसपास जाते आणि तपशील तेवढाच राहतो. २४०० लावा, फाइल २३ एमबी. फार आवडती स्लाइड असेल तर ३२००. त्यापुढे फक्त डिस्क भरते.

गंमत अशी, की कॅमेरा जितका जुना तितका निकाल चांगला. १९५०-६० च्या दशकांतल्या बॉक्स किंवा दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत १२० ची फिल्म असायची आणि तिची ६ बाय ६ ची निगेटिव्ह याच यंत्रावर दहा मेगापिक्सेलच्या वर जाते. त्यासाठीचा होल्डर (फिल्म काचेवर धरून ठेवणारी चौकट) सोबत येतो आणि त्याच रुंदीची ६२० ची फिल्मही त्यात बसते. म्हणजे आजीच्या तरुणपणीचे प्रवास तिच्या साठीतल्या प्रवासांपेक्षा स्वच्छ उतरतात. ११० ला मात्र होल्डरच नाही आणि जुगाड करूनही मोबाइलच्या छोट्या चित्राएवढंच मिळतं. तशा निगेटिव्हचे कागदी फोटो असतील तर तेच स्कॅन करा.

होल्डरमध्ये चार स्लाइड्स बसतात, किंवा सहा-सहा चौकटींच्या दोन पट्ट्या. चार स्लाइड्सच्या एका फेरीला धूळ झटकण्यापासून फाइल साठवण्यापर्यंत दहा मिनिटं धरली, तर ३६ स्लाइड्सच्या डब्याला नऊ फेऱ्या म्हणजे दीड तास. दहा डबे असतील तर पंधरा तास. हा आकडा आधी मांडा आणि मग ठरवा. डबे वीसच्या वर गेले तर स्लाइड्स बाहेरून स्कॅन करून आणा आणि यंत्र कागदांसाठी ठेवा, असं आमचं मत.

पहिल्याच दिवशी जे बिघडतं ते असं. झाकणाच्या आत एक पांढरी पाटी असते, फिल्मच्या वेळी ती काढावी लागते कारण फिल्मचा दिवा तिच्या मागे आहे. राहिली तर चित्रच येत नाही. होल्डरच्या डोक्याकडची रिकामी खिडकी दिव्याचा अंदाज घेण्यासाठी असते, तिच्यावर काही आलं तर रंग भलतेच येतात किंवा रेषा पडतात. फिल्मची चकचकीत बाजू खाली. चित्रातल्या पाट्या उलट्या दिसल्या तर स्लाइड उलटी बसली आहे. आणि प्रीव्ह्यू थंबनेलवर ठेवला की सॉफ्टवेअर स्वतःच चौकट कापतं, कडेला उभा असलेला माणूस निम्मा जातो. प्रोफेशनल मोड, साधा प्रीव्ह्यू, चौकट हाताने ओढायची. १२६ च्या चौकोनी स्लाइड्सना तर हे लागतंच.

डिजिटल आइस हे या यंत्राचं खरं बळ. ते इन्फ्रारेड किरणांनी धूळ आणि ओरखडे वेगळे ओळखतं आणि भरून काढतं. रंगीत निगेटिव्ह आणि बहुतेक रंगीत स्लाइड्सवर उत्तम चालतं, वेळ मात्र कित्येक पट लागतो. चांदीच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ते बंद ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला चित्रच धूळ वाटतं आणि चेहऱ्यांवर विचित्र डाग येतात. कोडाक्रोमवरही ते भरवशाचं नाही. कोडाक्रोम १९३५ पासून २००९ पर्यंत विकलं गेलं, प्रवासी लोकांची ती आवडती फिल्म होती, आणि जुन्या डब्यांत हमखास निघते. पुठ्ठ्यावर नाव छापलेलं असतं. तिचे रंग अंधारात फार टिकतात, पण स्कॅनमध्ये निळसर झाक येते आणि दाट सावल्यांत खरखर. सावल्यांच्या बाबतीत व्ही ६०० कमी पडतो, तिथे सॉफ्टवेअर बदलूनही फार फरक पडत नाही.

लालसर पडलेल्या जुन्या स्लाइड्ससाठी रंग परत आणण्याचा एक पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे. निकाल बघण्यासारखा असतो, पण मूळ प्रत त्यावर करू नका. आधी जसं आहे तसं साठवा.

आइस नसेल तेव्हा धुळीला एकच उपाय, हाताचा फुगा. फिल्मच्या दोन बाजू आणि काचेची वरची बाजू, प्रत्येक फेरीला. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे डाग पडतात. काचेवर द्रव थेट शिंपडू नका, कापडावर घेऊन पुसा; कडेतून आत गेलं की काचेच्या खालून डाग दिसतात. स्लाइडवर बुरशीची कोळ्यासारखी नक्षी असेल तर ती डिजिटलमध्येच दुरुस्त करा. पाणी लावलं तर बुरशीने कुरतडलेला थर विरघळून येऊ शकतो.

फाइलच्या तारखा

स्कॅनर फाइलवर आजची तारीख टाकतो. मोबाइलच्या गॅलरीत मग आजीचे साठ वर्षांचे प्रवास गेल्या रविवारी झालेले दिसतात. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घाला, मग ठिकाण. आणि फाइलच्या आतली मूळ तारीखही बदला. एक्झिफटूल हे मोफत साधन एका आज्ञेत अख्ख्या फोल्डरच्या तारखा बदलतं. फक्त वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी टाका, पण मथळ्यात ‘अंदाजे’ हा शब्द लिहा, नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी तो नववर्षाचा फोटो समजेल. मथळा फाइलमध्येच लिहा, वेगळ्या वहीत लिहिलेला फाइलपासून तुटतो.

मूळ टिफ, वाटायला जेपेग. टिफच्या तीन प्रती: एक घरात, एक दुसऱ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी असलेल्या भावंडाकडे.

दुसरे पर्याय

नुसते सुटे फोटो दोन-तीन हजार असतील आणि फिल्म, पासपोर्ट वगैरे फारसं नसेल, तर एप्सनचाच फास्टफोटो एफएफ ६८० डब्ल्यू बरा. त्यात ३६ फोटोंची चळत लावता येते, ३०० डीपीआयला सेकंदाला एक फोटो ओढतो आणि मागचं लिखाणही त्याच फेरीत घेतो. पाठी हव्या असलेल्यांना हा मोठा फायदा. पण वळलेले, गोंद लागलेले, कात्रेदार कडांचे फोटो त्यात घालायची हिंमत करू नये, आणि काचेवर एक कण बसला की पुढच्या सगळ्या फोटोंवर उभी रेघ. पासपोर्ट तर त्यात जाणारच नाही. दोन्ही यंत्रं लागतात असं काही जण म्हणतील. आठवडाभर भाड्याने किंवा उसनं मिळत असेल तर हे दुसरं तसं आणावं.

व्ही ८५० वरच्या दर्जाचा आहे, १२ स्लाइड्स एका वेळी घेतो, होल्डरची उंची बदलता येते आणि सावल्या जास्त स्वच्छ उतरतात. कागदांच्या बाबतीत तो व्ही ६०० पेक्षा काही जास्त देत नाही. मोबाइलवरचं गुगल फोटोस्कॅन चमक काढून टाकतं आणि दुसऱ्याच्या घरी भिंतीवर टांगलेल्या फोटोसाठी उत्तम. पासपोर्टच्या फिकट शिक्क्यांसाठी अपुरं.

आवाजाच्या कॅसेट आणि सुपर ८ च्या (घरगुती चलचित्रांच्या) रिळांसाठी यातलं काहीच उपयोगी नाही, ते काम वेगळं.

जुनं घ्यायचं असेल तर

हे यंत्र वापरलेलं विकायला बरंच येतं, कारण घरातलं काम संपलं की लोकांना त्याची गरज उरत नाही. घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, दोन्ही होल्डर आहेत का आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या कड्या शाबूत आहेत का. होल्डरशिवाय फिल्म सपाट राहत नाही, आणि काचेला टेकली की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. दुसरी, झाकणाची पांढरी पाटी आणि मूळ अॅडॉप्टर. तिसरी, काचेच्या आतल्या बाजूला धुकं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्रांत आतून दुधी थर धरतो, तो बाहेरून पुसून जात नाही आणि सगळ्या स्कॅनमधला काळा रंग राखाडी करतो. तपासायला अंधाऱ्या खोलीत काचेवर तिरपा टॉर्च मारा, आणि काळा कागद ठेवून एक स्कॅन काढून पाहा. फिल्मचा दिवा पाहण्यासाठी होल्डर रिकामा ठेवून एक स्कॅन घ्या: पांढऱ्यावर उभी रेघ दिसली तर आत धूळ बसलेली आहे, आणि एक बाजू दुसरीपेक्षा काळपट असेल तर दिवा थकलाय. विकणारा फक्त कागदाचा स्कॅन करून दाखवत असेल तर फिल्मचाही मागा.